कुठंतरी पाणी मुरतंय!

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी दीड फुटाची एक काचेची टाकी आहे. तिच्यातलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं आहे. तळाला कुजकी पानं. बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या नाही, निळा-गुलाबी लाइट नाही, रंगीत खडे नाहीत. मासे? ते बघायचे असतील तर समोर स्टूल टाकून दहा मिनिटं गप्प बसावं लागतं.

घरी येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. कुरिअरवाला, गॅसवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, माझ्या मैत्रिणी. 'अगं, पाणी बदलायचं राहिलंय का?'

सुरुवातीला मी समजावून सांगायचे. आता ते खातं बाबांकडे आहे. पण तिथपर्यंत पोचायला आम्हा दोघांना सहा महिने, दोन मासे आणि एक कडाक्याचं भांडण लागलं.

एका फीचरचे साइड इफेक्ट्स

मी फ्रीलान्स पत्रकार आहे. म्हणजे मास कॉमची डिग्री, लॅपटॉप, आणि 'चेक पुढच्या महिन्यात नक्की' असं सांगणारे बरेच लोक. जून २०२४ मध्ये एका फीचरसाठी मी पुण्यातले वीकएन्डचे छंद शोधत होते. ट्रेकिंगवाले झाले, सालसावाले झाले, बेकिंगवाले तर रांगेत उभे होते. कुणीतरी म्हणालं, पिंपळे सौदागरला एक सॉफ्टवेअर टेस्टर आहे, त्याच्या बेडरूममध्ये अकरा टाक्या आहेत. म्हटलं चला, शेवटचा पॅरेग्राफ मिळाला.

गेले तर सगळ्या टाक्या चहाच्या! मीही तोच प्रश्न विचारला. पाणी बदलायचं राहिलंय का? त्याने कपाळाला हात लावला आणि मला एका टाकीसमोर बसवलं. 'पाच मिनिटं हलू नका.'

आधी काहीच दिसलं नाही. मग एका पानाखालून तीन सेंटिमीटरचा एक काडीसारखा मासा बाहेर आला. अंगावर उभे नव्हे, आडवे गडद पट्टे. दिसायला अगदीच सामान्य. तेवढ्यात दुसरा एक नर समोर आला आणि पहिल्याने पंख उघडले. काळ्याभोर पंखांना मोरपिशी निळी किनार, आणि ती चक्क चमकत होती. अंधाऱ्या जिन्यात कुणी पैठणीचा पदर उलगडून दाखवावा, तसं काहीतरी. दोन सेकंदांत पंख मिटले आणि पुन्हा काडी.

हा लिकोरिस गौरामी. शास्त्रीय नाव पारोस्फ्रोमेनस. मलेशिया आणि इंडोनेशियातल्या पीटच्या दलदलीत राहणारा. फायटर फिशचा लांबचा भाऊ म्हणा. आतापर्यंत याच्या वीसेक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यातली पहिली, देईसनेरी, डच शास्त्रज्ञ ब्लीकरने १८५९ मध्ये सुमात्राजवळच्या बांका बेटावरून नोंदवली. गंमत अशी, की दुकानात देईसनेरी म्हणून विकले जाणारे बहुतेक मासे देईसनेरी नसतातच. खऱ्या देईसनेरी नराच्या शेपटीतून मधोमध एक बारीक दोरा निघतो आणि तो फक्त बांकावरच सापडतो. चेन्नईमार्गे आलेल्या या माशांच्या शेपट्या गोल होत्या. म्हणजे बहुधा बिंतान जातीचे किंवा तिच्या जवळपासचे. बिचारे नावसुद्धा दुसऱ्याचं लावून फिरत होते.

फीचर छापून आलं. शेवटचा पॅरेग्राफ जागेअभावी उडाला. आणि मी पहिल्या मिळालेल्या चेकमधून चार मासे घेऊन घरी आले. दोन नर, दोन माद्या.

बाबा आणि पाणी

इथे बाबांविषयी सांगायला हवं. बाबा आमच्या गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात केमिस्ट होते. तेहतीस वर्षं. पावसाळ्यात नदीचं लाल गढूळ पाणी यायचं, बाबा लॅबमध्ये ओळीने सहा बीकर मांडून प्रत्येकात कमी-जास्त तुरटी टाकायचे आणि कुठल्या बीकरमध्ये गाळ झकास खाली बसतो ते बघायचे. त्याला जार टेस्ट म्हणतात, हे मला एबीसीडीच्या आधी माहीत होतं. आमच्या घरी कुणी पाहुणा पाण्याचा ग्लास हातात घेऊन 'छान आहे हो तुमच्याकडचं पाणी' म्हणाला, की बाबांचा दिवस सार्थकी लागायचा.

आई २०२३ मध्ये गेली. बाबा गावी एकटेच होते. २०२४ च्या फेब्रुवारीत मी त्यांना पुण्याला घेऊन आले, बाणेरच्या माझ्या वन बीएचकेमध्ये. बेडरूम त्यांना, हॉलमधला दिवाण मला.

आमचं भांडण नव्हतं. बोलणंच नव्हतं. 'चहा?' 'हो.' 'जेवलात?' 'हो.' 'उशीर होईल.' 'बरं.' एवढ्यात दिवस संपायचा. कारण मला ठाऊक होतं, आणि बहुतेक त्यांनाही. आई गेल्यावर तेराव्याच्या आत बाबांनी तिचं कपाट रिकामं केलं होतं. साड्या, स्वेटर, पर्सेस, सगळं. मी दोन दिवसांसाठी पुण्याला आले होते, परत गेले तर कपाट पुसून स्वच्छ आणि आत फक्त डांबरगोळ्या. मला विचारलंही नव्हतं. मी काही बोलले नाही. पण तो विषय घशात अडकला तो अडकलाच.

तर अशा घरात मी घाण पाण्याची टाकी आणली.

कटप्पाने टाकी का रंगवली?

आता थोडं टेक्निकल. घाबरू नका, मलाही दहावीत सायन्सला बासष्टच होते.

पीटच्या जंगलात जमीन बारा महिने पाण्याखाली असते. झाडांची पानं-फांद्या पडतात, पण त्या पाण्यात ऑक्सिजन इतका कमी असतो की त्या पुरत्या कुजत नाहीत. थरावर थर साचतात, हजारो वर्षं. कुठे कुठे हा थर कित्येक मीटर जाड असतो. वरून येतं ते फक्त पावसाचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नाहीत. पानांमधून टॅनिन आणि ह्युमिक आम्लं उतरतात आणि पाणी चहासारखं होतं. त्याचा पीएच चारच्या आसपास, कधी त्याहूनही खाली. म्हणजे आपल्या ताकाइतकं आंबट! अशा पाण्यात काय जगणार, असं लोकांना बरीच वर्षं वाटायचं. आणि मग २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी सुमात्राच्या याच काळ्या पाण्यातून पेडोसायप्रिस नावाचा मासा जगासमोर आणला. त्याची पूर्ण वाढलेली एक मादी भरली फक्त ७.९ मिलिमीटर. तांदळाचा दाणासुद्धा तिच्यापुढे लांब वाटेल.

लिकोरिस गौरामीची अंडीही या पाण्याशीच बांधलेली. जड, क्षारयुक्त पाण्यात ती नीट वाढत नाहीत, बुरशी धरते. आंबट, मऊ, तपकिरी पाण्यात जीवाणू आणि बुरशी दबून राहतात आणि अंडी तरतात. थोडक्यात, आपण ज्याला घाण म्हणतो तेच यांचं सुईणघर.

आमच्या सोसायटीत निम्मे दिवस टँकरचं पाणी येतं. टीडीएस मीटर बुडवला तर आकडा आला ६१०. माशाला हवेत पन्नासच्या आत. मग आरओचं पाणी. आमच्या आरओचं पाणी निघालं २४. मशीनमधून बाहेर वाहून जाणारं पाणी बादलीत धरलं, फरशी पुसायला.

रंगासाठी बदामाची पानं. आपला देशी बदाम हो! शाळेच्या मैदानात असायचा तो, ज्याची लाल गराची फळं चोखून, बी दगडाने फोडून आपण आतला इवलासा बदाम खायचो. ऑनलाइन याच पानांची दहा-दहाची पाकिटं विकतात, 'कटप्पा लीव्ज' या नावाने. मलय भाषेत या झाडाला केतापांग म्हणतात, त्यावरून लॅटिन नावात कटप्पा आलं. बाहुबलीशी संबंध नाही. आणि आमच्या गल्लीत तीन झाडं होती! आपोआप गळलेली, तांबडी-तपकिरी, कडकडीत वाळलेली पानंच घ्यायची, हिरवी नाहीत. रस्त्याच्या धुरातली नाहीत. धुऊन टाकीत सोडली की दोन-तीन दिवसांत तळाला बसतात आणि पाणी रंगायला लागतं. सोबत नर्सरीतून आणलेला, खत न घातलेला थोडा पीट मॉस एका जुन्या मोज्यात बांधून. पंधरा दिवसांत पीएच पाचवर आला.

फिल्टर म्हणून एक साधा स्पंज, हवा अगदी मंद. जावा मॉसचा गुंता, वर तरंगणारी थोडी वनस्पती, म्हणजे उजेड कमी. आणि अंडी घालायला गुहा हवी म्हणून नारळाची अर्धी करवंटी, कडेला एक खाच पाडून.

खाणं हा वेगळाच ताप. हे महाशय दुकानातले दाणे तोंडात घेत नाहीत. जिवंतच हवं. म्हणून कोल्ड्रिंकच्या उलट्या बाटलीत मिठाचं पाणी, त्यात हवेची नळी आणि आर्टेमियाची अंडी. दीड दिवसात नारिंगी ठिपक्यांसारखी पिल्लं निघतात. शिवाय ग्रिंडल वर्म्स, म्हणजे पांढरे बारीक किडे. ते मी कोकोपीट भरलेल्या डब्यात ठेवले होते, ओट्स खायला घालून. पोळ्यावाल्या मावशींनी तो डबा ओवा समजून उघडला. त्या दिवशी आम्ही पोळ्या बाहेरून मागवल्या.

बाबा हे सगळं पेपरच्या वरून बघत होते. काही बोलत नव्हते.

शुद्धीकरण

ऑगस्टमध्ये एका सकाळी मोठा नर करवंटीच्या तोंडाशी पंख ताणून थरथरत होता. मादीच्या अंगावरचे पट्टे नाहीसे होऊन ती फिकट पडली होती. दोघं आत गेली. दुपारी टॉर्च लावून बघितलं तर करवंटीच्या छताला चार-दोन बुडबुडे आणि त्यांच्यात पांढरे ठिपके. अंडी! मी एकटीच हॉलमध्ये नाचले.

या जातीत पुढचं सगळं बाप करतो. मादी बाजूला होते. नर छताखाली राखण करतो, खाली पडलेलं अंडं तोंडात धरून पुन्हा वर चिकटवतो. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं पोहायला लागेपर्यंत आणखी आठवडाभर तो तिथून हलत नाही.

आणि नेमकं मला दुसऱ्या दिवशी तीन दिवसांच्या असाइनमेंटवर कोल्हापूरला जायचं होतं. फ्रीलान्सरला 'नाही' म्हणणं परवडत नाही. बाबांना म्हटलं, 'काही करायचं नाही. नुसतं लक्ष ठेवा.' 'बरं,' ते म्हणाले.

परत आले. दार उघडलं. टाकी चमकत होती.

पाणी काचेसारखं नितळ. पानं नाहीत. मोजा धुऊन बाल्कनीत वाळत घातलेला. बाबा सोफ्यावर, कितीतरी महिन्यांनी थोडेसे हसत. 'पाण्यावर साय धरली होती गं. वास पण यायला लागला होता. तू दमून येणार, म्हणून मीच करून टाकलं. नळाचं पाणी चोवीस तास उघडं ठेवून घातलंय हं. क्लोरीन पूर्ण गेलं असणार.'

एक मादी तळाला आडवी पडली होती. मोठा नर पृष्ठभागाजवळ धापा टाकत होता. रात्री अकराला तोही गेला. करवंटीत अंड्यांच्या जागी पांढरी बुरशी.

मी जे बोलले ते लिहिताना आजही लाज वाटते. 'तुम्हाला कुणी सांगितलं होतं स्वच्छ करायला? आईचं कपाट पण असंच केलंत. मी नव्हते म्हणून. विचारलंत मला? तुम्हाला फक्त पुसून टाकता येतं!'

बाबा काही बोलले नाहीत. उठले, आत गेले, दार लावून घेतलं. माझ्या आयुष्यात बाबांच्या खोलीचं दार पहिल्यांदा बंद झालं होतं.

कालनिर्णयच्या पाठीवर

चार दिवस घरात 'चहा?' सुद्धा नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी टेबलावर कालनिर्णयचं जुलैचं पान पालथं ठेवलेलं, त्यावर बाबांच्या टपोऱ्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं. वर हेडिंग : 'माझी चूक कुठे झाली'. खाली मुद्दे, नंबर घालून. मी इथे माझ्या भाषेत सांगते.

माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. साध्या टाकीत स्पंजमधले जीवाणू त्याचं नायट्रेट करून टाकतात. पण आंबट पाण्यात हे जीवाणू जवळजवळ कामच करत नाहीत. तरी मासे मजेत असतात, कारण आम्लात अमोनिया हा अमोनियमच्या रूपात राहतो आणि त्याचा माशाला फारसा त्रास नसतो. म्हणजे विष घरात असतं, पण बाटलीला बूच असतं. पीएच पाचवरून एकदम आठकडे नेला की बूच उडतं. सगळ्या अमोनियमचा नाही, पण मारायला पुरेल इतक्याचा पुन्हा अमोनिया होतो. त्यात क्षार एकदम वाढल्याचा धक्का वेगळाच. निम्मं जुनं पाणी टाकीत राहिलं होतं, त्याने घात केला.

शेवटचा मुद्दा होता : 'हे मला ठाऊक होतं. तेहतीस वर्षं अमोनियाच्या टेस्ट केल्या. पाणी तपकिरी दिसलं आणि टेस्ट न करताच हात चालला. केमिस्टने असं करू नये.'

आणि पानावर वजन म्हणून ठेवलेली एक काळी फिल्मची डबी, करड्या झाकणाची. पस्तीस एमएमच्या रोलची. कॅमेऱ्यांत रोल असायचे त्या काळात प्रत्येक घरात या डब्या असायच्या, कुणी त्यात सुया ठेवायचं, कुणी प्रवासाचं हळदी-कुंकू. ही आईची बटणांची डबी होती. मी ती हलवली. आत बटणं वाजली.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. 'एवढंच ठेवलं होतं,' ते म्हणाले. 'साड्यांना तिचा वास होता गं. रात्री मला खोलीत झोपता येईना. तुला विचारायचं सुचलंच नाही. विचारायला हवं होतं.'

मग म्हणाले, 'तुझ्या त्या पिंपळे सौदागरवाल्याला फोन केला मी. तो म्हणतो, या माशांना करवंटीपेक्षा फिल्मची डबी जास्त आवडते. जगभर तीच वापरतात म्हणे. मिळत नाही हल्ली.'

आम्ही दोघांनी बटणं वाटीत काढली. मग मी चहा टाकला. विचारलं नाही.

दुसरा डाव

नशिबाने उरलेल्या दोघांत एक नर होता, एक मादी. बाबांनी कारभार हातात घेतला. दोनशे पानी वही आली. तारीख, वेळ, तापमान, टीडीएस, पीएच, शेरा. आरओ मशीनमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळणारी एक कार्ट्रिज असते, ती त्यांनी वळसा घालून बंद केली, टीडीएस अकरावर आला. पाणी हळूहळू, पंधरा दिवस घेऊन उतरवलं. दर आठवड्याला फक्त दहा टक्के बदल, तेही बादलीत पानं घालून आधी मुरवलेल्या पाण्याने. डबी तरंगू नये म्हणून ती गोट्याला बांधायची होती, तर त्या गोट्यावर आधी लिंबू पिळून बघितलं. फसफसला तर चुनखडी, पाणी जड करणार. नाही फसफसला. काळा बेसाल्ट, पास.

पानांचं डिपार्टमेंट तर बघण्यासारखं झालं. बाबा पुण्यात आल्यापासून खाली उतरत नव्हते. आता रोज सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडायला लागले. बागेतल्या कट्ट्यावर चार आजोबा बसायचे, त्यांनी विचारलं, 'काय हो, पानं कशाला?' आता त्या चौघांपैकी दोघं नातवंडांना घेऊन टाकी बघायला येतात आणि तिघं पानं गोळा करून आणतात.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. बाबा फरसाणच्या पुडीवरचं बारीक अक्षर वाचत होते. 'पामोलिन,' ते म्हणाले. मी त्यांना सांगितलेलं त्यांच्या डोक्यात राहिलं होतं. बोर्निओ, सुमात्रा आणि मलेशियातली पीटची जंगलं चर खणून कोरडी केली जातात, आणि बऱ्याच ठिकाणी तिथे पाम तेलाच्या बागा उभ्या राहतात. एकदा पाणी उतरलं की पीट वाळतो आणि वाळलेला पीट पेटतो. १९९७ आणि २०१५ मध्ये इंडोनेशियात तो असा पेटला की धुराने शेजारचे देशही झाकोळले. एकेका ओढ्यापुरती शिल्लक असलेली या माशांची जात अशा वेळी कुठे जाणार? यांच्यातल्या अनेक जाती आज आययूसीएनच्या लाल यादीत आहेत. आणि जगात सगळ्यात जास्त पाम तेल आयात करणारा देश आपला. बिस्किटं, नूडल्स, साबण, शाम्पू, फरसाण. काळं पाणी तिकडे आटतं, तळण इकडे होतं.

बाबांनी पुडी बाजूला ठेवली नाही. फरसाण खाल्लं. मीही खाल्लं. मोठं भाषण कुणीच केलं नाही. फक्त त्यानंतर टाकीकडे बघण्याची आमची नजर जरा बदलली, एवढं खरं. ती आता शोभेची वस्तू राहिली नव्हती.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सहाला, बाबांनी मला हलवून उठवलं. तोंडावर बोट. डबीच्या तोंडाशी नर उभा होता, पंख ताणलेले. निळी किनार त्या तपकिरी उजेडातही दिसत होती. आत छताला बुडबुडे आणि अंडी. बाबांनी वहीत लिहिलं, 'अंदाजे ३०'. टीडीएस ३४, पीएच ४.८, तापमान २४.

पुढचे दहा दिवस नर तिथून हलला नाही. बाबाही फारसे हलले नाहीत. थंडी वाढली तशी रात्री टाकीवर आईची जुनी शाल पांघरायला लागले. ती त्यांच्या बॅगेत होती. म्हणजे 'एवढंच ठेवलं होतं' हे पूर्ण खरं नव्हतं. मी काही बोलले नाही. पण या वेळचं न बोलणं वेगळं होतं.

नवव्या दिवशी टॉर्चच्या उजेडात पानांच्या वर दोन ठिपके पोहताना दिसले. म्हणजे डोळे दिसले, बाकीचं अंग पारदर्शक. पहिले काही दिवस ती पिल्लं पानांवरच्या सूक्ष्मजीवांवर जगली. ज्या सायीला बाबा वैतागले होते, त्याच सायीवर! मग आर्टेमिया. तिसांपैकी वाचली अकरा. तज्ज्ञांच्या दृष्टीने हे काही ग्रेट नाही. आमच्या घरात पेढे आले.

त्यातली सहा पिल्लं एप्रिल २०२५ मध्ये पिंपळे सौदागरला गेली. तिथून दोन बंगळुरूला. पाच आमच्याकडे. बटणं अजून वाटीतच आहेत, देवघराशेजारी.

परवा सेक्रेटरी काका मेंटेनन्सची पावती द्यायला आले होते. टाकीसमोर थबकले. 'अहो, पाणी फार घाण झालंय. कुठंतरी काहीतरी मुरतंय तुमच्याकडे!' मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी चष्मा वर केला.

'बरोबर,' ते म्हणाले. 'मुरलंय ते. बसा, दहा मिनिटं गप्प बसावं लागेल.'

तुम्हालाही करून बघायचंय?

• आधी पाणी, मग मासे. टाकी भरून निदान तीन-चार आठवडे पानांसकट मुरू द्या.

• टीडीएस मीटर आणि पीएच मोजण्याची सोय हवीच. अंदाजपंचे चालत नाही.

• पाणी कधीही एकदम बदलू नका. दर आठवड्याला थोडं, आणि टाकीतल्यासारखंच तयार केलेलं.

• जिवंत खाणं रोज देता येणार नसेल तर या माशाच्या नादी लागू नका. गप्पी पाळा, तेही गोड असतात.

• मासा पकडून आणलेला की पैदास केलेला, हे विकणाऱ्याला विचारा. शक्यतो पैदास केलेलाच घ्या. या जातींची नोंद आणि जपणूक करणारा पारोस्फ्रोमेनस प्रोजेक्ट नावाचा हौशी लोकांचा आंतरराष्ट्रीय गट आहे.

• कंटाळा आला तर मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्या. नदीत, तळ्यात सोडू नका.

• गावाला जाताना घरातल्या माणसाला 'नुसतं लक्ष ठेवा' म्हणू नका. समजावून सांगा.